फोटोबाबांचं विमान

विमान सापडलं त्या आठवड्यात दादानं पुतळ्याची उंची दोनदा वाढवली.

सोमवारी सैन्याकडून फोन आला. समुद्राच्या तळाशी केबल टाकणाऱ्या एका जहाजाला युद्धाच्या काळातलं मालवाहू विमान सापडलं होतं आणि त्याच्या शेपटीवरचा आकडा दादाच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वडिलांच्या विमानाचा होता. दादानं आपल्या लाकडाच्या वखारीतूनच शिल्पकाराला निरोप धाडला, की वडिलांचा माणसाएवढा पुतळा चालणार नाही, सव्वापट करा. बुधवारी कळलं की एक अधिकारी रविवारी स्वतः घरी येणार आहे. तेव्हा सव्वापटीचा दीडपट झाला, आणि हात समोर रोखून समुद्राची दिशा दाखवणारा हवा असंही ठरलं.

पुतळ्याची जागा चौकात, काकांच्या चष्म्याच्या दुकानासमोर. समुद्राची दिशा आणि दुकानाचा दरवाजा एकाच रेषेत येत असल्यामुळे ते बोट थेट काकांच्या गल्ल्यावर रोखलेलं राहणार होतं. काका आईचे दुसरे यजमान. त्यांनी शिल्पकाराचं चित्र पाहिलं, नाकावरचा चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "गणवेशाचं कापड छान उतरलंय."

रविवारी दुपारी सगळे दुकानावरच्या घरात जमले. आई खिडकीपाशी शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना चुण्या घालत बसली होती. पाहुणे येणार म्हणून मशीन झाकून ठेव, असं ताईनं दोनदा सांगितलं होतं. एकुलत्या एका आरामखुर्चीत आत्या होती, दादाच्या वडिलांची धाकटी बहीण. आत्याच्या कानात यंत्र होतं आणि नको ते बोलणं सुरू झालं की ती ते बंद करायची.

आणि जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर, नेहमीच्या जागी फोटो होता. गणवेश, किंचित तिरकी टोपी, एकतीस वर्षांचा चेहरा. दादा आणि ताई त्यांना बाबा म्हणत. आईच्या दुसऱ्या लग्नानंतर झालेला धाकटा काकांना बाबा म्हणायचा. एका घरात दोन बाबांचा घोळ नको म्हणून लहानपणी त्यानंच यांचं नाव फोटोबाबा पाडलं होतं. धाकट्यानं काही आगळीक केली, की त्याला फोटोसमोर उभं करण्यात येई. "बघ त्यांच्याकडे," आत्या म्हणायची. "अख्ख्या सैन्यात असा नॅव्हिगेटर नव्हता. विमान कुठे आहे आणि कुठे न्यायचं, ते हा सांगायचा. जन्मात कधी रस्ता चुकला नाही. आणि तू शेजारच्यांच्या काचेवर चेंडू मारतोस." धाकट्याचं आता स्वतःचं औषधांचं दुकान होतं, टक्कलही पडायला लागलं होतं, पण त्या फोटोखालून जाताना अजूनही तो आपोआप शर्ट नीट खोचायचा.

"हे बघा," दादा म्हणाला, "ती अधिकारी बाई विचारणार की विमान आणि आतली माणसं वर काढायची की तिथेच ठेवायची. विमानात चौघं होते, चारही घरांचा होकार लागतो. आपण एका आवाजात सांगायचं, वर काढा. मिरवणूक वखारीपासून निघेल."

"वखारीपासून का?" ताईनं विचारलं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि दादाला कुठलंही वाक्य पुरं पचू द्यायची नाही.

"मोकळी जागा आहे."

"आणि पाटीही मोठी आहे. फोटोत छान येईल."

"तुला बाबांना पाण्यात ठेवायचंय का?"

"चाळीस वर्षं कुठे आहेत ते?"

"आत्या, ऐक ही काय म्हणते," दादानं दाद मागितली. आत्या लगेच म्हणाली की भाऊ घरी आलाच पाहिजे. तिचं आणि दादाचं एरवी पटत नसे. वखारीतून तिला दिलेल्या कपाटाचं दार कधीच नीट लागलं नव्हतं. पण आज ती दोघं एका बाजूला होती. दादानं मग काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते." हे वाक्य ते या घरात आल्या दिवसापासून म्हणत होते, त्यामुळे कुणी ते मोजत नसे.

धाकट्याला कुणी विचारलंच नाही.

अधिकारी बाई वेळेवर आली. ताईच्या थोरल्या मुलीएवढीच असावी. तिनं टोपी काढून काखेत धरली, सगळ्यांना नमस्कार केला, आणि फोटो दिसताच क्षणभर ताठ उभी राहिली. आत्याला ते इतकं आवडलं की तिनं स्वतःच्या हातानं कानातल्या यंत्राचा आवाज वाढवला.

"विमानात काय होतं?" दादानं विचारलं. त्यासाठी त्यानं आवाज मुद्दाम खाली आणला होता. "आता सांगायला हरकत नसावी."

"कोबी," अधिकारी म्हणाली.

"कोबी?" दादानं विचारलं.

"कोबी, कांबळी आणि थोडं टपाल. बेटावरच्या सैनिकांना कित्येक दिवसांत ताजी भाजी मिळाली नव्हती."

या घरात त्या उड्डाणाला 'गुप्त मोहीम' म्हणत. ताईनं शाळेत असताना त्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. चौथऱ्यावर कोरायच्या मजकुरातही दादानं तेच दोन शब्द घातले होते, जरा मोठ्या अक्षरांत.

"कोबीच्या खाली काय होतं?" आत्यानं विचारलं.

"कोबीच, बाई."

"अगदी खाली?"

अधिकाऱ्यानं उत्तरादाखल टेबलावर नकाशा पसरला. विमान इथून निघालं, तिनं दाखवलं. बेट इथे, उत्तरेला. सगळे वाकले. "आणि सापडलं," ती म्हणाली, आणि तिचं बोट खाली आलं, निघालेल्या जागेच्याही खाली आलं, कडेपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मग तिनं नकाशाची आणखी एक घडी उलगडली.

खिडकीपाशी आईचं मशीन चालूच होतं.

"हे दक्षिणेला आहे," ताई म्हणाली.

"नकाशा उलटा असेल," आत्या म्हणाली.

"आत्या, नकाशावरची अक्षरं सुलट आहेत."

अधिकारी समजुतीनं बोलू लागली. त्या दिवशी वादळ अंदाजापेक्षा आधी आलं. तासन्‌तास ढगात, वारा सारखा फिरत होता. बेटावर शेवटचा संदेश आला तो एवढाच, की बेट दिसत नाही, परत फिरतोय. त्यानंतर वाऱ्यानं त्यांना कुठे लोटलं हे त्यांनाही कळलं नसणार. पेट्रोल संपलं असेल.

"याचा अर्थ उघड आहे," दादा सावरत म्हणाला. "शत्रूची विमानं मागे लागली होती. बेट वाचावं म्हणून बाबांनी त्यांना भलतीकडे नेलं."

"त्या हवेत शत्रूनं एकही विमान उडवलं नव्हतं," अधिकारी म्हणाली. "त्यांचीही माणसं शहाणी होती."

"मग होकायंत्र बिघडलं."

"बिघडवलं," आत्यानं दुरुस्ती केली.

धाकटा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. त्याची नजर नकाशावरच्या त्या ठिपक्यावर होती. इतक्या मोठ्या पाण्यात तेवढासा ठिपका. तो सहज म्हणाला, "चुकले असतील. माणूस चुकतो."

दादा आणि ताईचं त्या दिवसात पहिल्यांदाच एकमत झालं. दोघंही एकदम त्याच्याकडे वळली. दादा म्हणाला, "तू यात बोलू नकोस. तुझे कोण होते ते?"

प्रश्न तसा खराच होता. धाकटा चहाचे रिकामे कप उचलून स्वयंपाकघरात गेला.

आत काका आधीच होते. ते किटलीसमोर उभे होते आणि गॅस पेटवायचा राहिला होता.

"बाबा, मी दुकान उघडतो जाऊन," धाकटा म्हणाला.

"रविवार आहे."

"असू दे."

काकांनी गॅस पेटवला. "मला एकदा वाटलं होतं," ते म्हणाले, "की तो फोटो निदान बैठकीत लावावा. जेवताना समोर नको. मी सूप फुरकन पितो, तुला माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? त्यांनी कधी ओला टॉवेल पलंगावर टाकला नाही. कधी घोरले नाहीत. कधी किल्ली विसरले नाहीत. अशा माणसाशी भांडायचं कसं?" त्यांनी किटलीचं झाकण नीट केलं. "आता वर येणार म्हणतात. येऊ देत. पण आल्यावर मी कुठे बसायचं, तेवढं मला कुणीतरी सांगा."

ते गंमतीनं बोलले होते. धाकट्याला हसू आलं नाही. मागे दारात आई उभी होती. मशीन कधी थांबलं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

आईनं काही विचारलं नाही. ती तशीच बाहेर गेली आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. हाताच्या बोटात अजून शिवताना घालायचं अंगुस्तान होतं. तिथे दादा अधिकाऱ्याला समजावत होता, की सरकारी कागदावर 'चुकले' हा शब्द नको, 'दिशा बदलली' असं लिहा.

"तो चुकला," आई म्हणाली.

"आई, तू थांब."

"तो नेहमीच चुकायचा." तिनं खुर्ची ओढली. मुलांसमोर ती फोटोतल्या माणसाला आजवर 'ते' म्हणत आली होती. "आमच्या लग्नाच्या दिवशी हा दुसऱ्याच लग्नात गेला. कार्यालयाचं दार चुकला. आत जाऊन बसला, लोकांनी वाढलं तसा जेवला. नवरी बाहेर आली तेव्हा याच्या लक्षात आलं की ही मी नव्हे."

अधिकारी बाईनं खाली पाहिलं. तिला टोपीचा पट्टा एकाएकी नीट करावासा वाटला.

"तू झालीस तेव्हा," आई ताईला म्हणाली, "हा फुलं घेऊन जनावरांच्या दवाखान्यात पोचला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला हाताला धरून आणून सोडलं. पुढे ते डॉक्टर दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला यायचे, ते त्यामुळे."

"मला वाटलं ते बाबांचे मित्र होते," ताई म्हणाली.

"झाले ना मग मित्र."

"हे खरं नाही," दादा म्हणाला. तो आत्याकडे वळला. "आत्या, सांग हिला."

आत्याचा हात कानातल्या यंत्राकडे गेला, पण तिनं ते बंद केलं नाही. तिनं फोटोकडे पाहिलं.

"घरात सक्त ताकीद होती," ती म्हणाली. "बाहेर बोलायचं नाही. तो मोठा, मी लहान, पण शाळेत जाताना बोट मी धरायचे. कोपरा आला की हळूच ओढायचे, म्हणजे त्याच्या मित्रांना वाटावं तोच मला नेतोय." तिनं नाक पुसलं. "सैन्यात घेतलं तेव्हा मी आठवडाभर जेवले नाही. म्हटलं, याला हे कुठे पाठवतात."

"पण नॅव्हिगेटर?" ताईनं विचारलं. "मग ते नॅव्हिगेटर कसे झाले?"

"मीही विचारलं होतं," आई म्हणाली. "तर म्हणाला, वर गल्ल्या नसतात. खाली लोक दुकानांच्या पाट्या बदलतात, भिंतींना रंग देतात, मग माझा गोंधळ होतो. तारे जागा सोडत नाहीत. तारे दिसत असले की तो खरंच कधी चुकला नाही, हं. ते खोटं नाही." तिनं नकाशावरच्या ठिपक्याभोवती अंगुस्तानाचं बोट एकदा फिरवलं. "त्या दिवशी दिसले नसतील."

दादा उठून खिडकीपाशी गेला. त्याची पाठ त्यांना दिसत होती, लाकडं उचलून रुंद झालेली.

"मला एकच गोष्ट आठवते त्यांची," तो तिकडेच बघत म्हणाला. "मला खांद्यावर बसवून अख्खं शहर दाखवलं होतं. पूल, बाजार, रेल्वेचं फाटक. संध्याकाळ होईपर्यंत. मी सगळ्यांना सांगतो ते. माझ्या बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं."

"तुम्ही दोघं पाव आणायला गेला होतात," आई म्हणाली. "कोपऱ्यावर."

दादाचे खांदे हलायला लागले. ताई घाबरून उठली, जवळ गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो हसतोय. ती पण हसायला लागली. आत्यानं "काय झालं, काय म्हणाली ती?" म्हणून विचारलं आणि कळल्यावर तिला इतका ठसका लागला की धाकट्याला पाणी घेऊन धावत यावं लागलं. दादानं डोळे पुसले ते नक्की कशामुळे, हे कुणी विचारलं नाही. आई मात्र शांत होती.

"फाटकातला माणूस तुम्हाला घेऊन आला," ती म्हणाली. "तू खांद्यावर झोपला होतास. आणि हा माझ्यावर रागावला, की घर हलवलंस कुठे."

अधिकारी बाईला आता मात्र हसू आवरलं नाही. मग तिनं माफी मागितली आणि विचारायचं होतं ते विचारलं. बाकीच्या तीन घरांचं म्हणणं होतं की चौघांना तिथेच राहू द्यावं. पाणी फार खोल आहे, काढताना काय हाताला लागेल सांगता येत नाही, आणि कोण कुठला हे कदाचित ओळखूही येणार नाही. या घराचं काय म्हणणं आहे?

"तुम्ही ठरवाल ते," काका स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले.

"नाही," आई म्हणाली. "आज तुम्ही सांगा. आधी तुम्ही."

काकांनी चहाचा ट्रे खाली ठेवला. त्यांना सवय नव्हती. "मला वाटतं," ते म्हणाले, "मित्रांबरोबर आहेत. राहू द्यावं."

"आत्या?"

"एकटा असता तर म्हटलं असतं आणा," आत्या म्हणाली. "मी त्याला तिथून थोरल्याच्या मिरवणुकीत सोडणार नाही. बॅन्ड चुकवून भलतीकडे जाईल."

ताईनं होकारार्थी मान हलवली. दादाही शेवटी हो म्हणाला आणि मग, कुणाकडेच न बघता, त्यानं विचारलं, "आणि तू रे? तुला काय वाटतं?"

धाकट्याला कळायला क्षण लागला, की हे आपल्याला आहे.

"मला बघायचे होते ते," तो म्हणाला. "इतकी वर्षं ओळख आहे. पण ठीक आहे. राहू द्या."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्यापेक्षा लहान आहे तो आता," ती म्हणाली.

सोमवारी दादानं शिल्पकाराला कळवलं की पुतळा नको. शिल्पकार म्हणाला, हात तयार झालाय. दादानं तो हात विकत घेतला आणि वखारीच्या फाटकावर बसवला. गाड्या आत कुठून वळवायच्या ते तो चोख दाखवतो.

महिन्याभरानं सैन्याचं जहाज चारही घरच्या लोकांना त्या जागी घेऊन गेलं. धाकट्यानं सगळ्यांना बोट लागू नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या. त्या घेऊनही दादा संपूर्ण प्रवासभर कठडा धरून होता आणि आत्या एकही गोळी न घेता इतर कुटुंबांच्या डब्यातलं खात होती. समुद्र अगदी गुळगुळीत होता. लोकांना त्याचाच राग आला.

इंजिन बंद झालं. कप्तान म्हणाला, इथेच. अधिकारी बाईनं चार नावं वाचली, फुलं सोडली गेली, आणि मग काय करायचं ते कुणालाच सुचेना. चार घरची माणसं पाण्याकडे बघत नुसती उभी राहिली.

आत्या कठड्याशी गेली. तिला स्वतःचा आवाज फारसा ऐकू येत नसल्यामुळे ती जे बोलली ते सगळ्या जहाजानं ऐकलं.

"हं, ऐक," ती खाली पाण्याला म्हणाली. "आम्ही सगळे बरे आहोत. युद्ध संपलं. आपण जिंकलो म्हणतात, मला काही फरक दिसला नाही. थोरल्याची लाकडाची वखार आहे, कपाटं चांगली करत नाही. लेक शिकवते. तुझी बायको तशीच आहे. तिनं लग्न केलं. मी दोन वर्षं बोलले नव्हते तिच्याशी, ते माझं चुकलं. माणूस बरा आहे. चष्मे करतो. हा बघ, हा इथे." तिनं काकांना बाहीला धरून पुढे ओढलं.

काकांनी हॅट काढली. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर आलं की ते जसे किंचित वाकत, तसे वाकले.

"नमस्कार," ते म्हणाले. मग त्यांना वाटलं एवढं पुरेसं नाही. "यायला जरा उशीर झाला."

आईनं त्यांच्या हातातली हॅट घेतली आणि हात तसाच हातात ठेवला.

"आणि हा धाकटा," आत्या पुढे सांगत होती. "औषधं विकतो. तुझा कुणी नाही, पण आपलाच आहे. ये रे इकडे, मागे काय उभा राहतोस."

धाकटा पुढे झाला. दादानं कठडा सोडला, पांढराफटक चेहरा घेऊन बाजूला सरकला आणि त्याच्यासाठी जागा केली. पलीकडे दुसऱ्या घरातली एक म्हातारी, जिचा मुलगा त्याच विमानात होता, ती पण कठड्याशी आली आणि हळू आवाजात पाण्याला काहीतरी सांगू लागली. मग तिच्या शेजारचा. मग आणखी कुणी. अधिकारी बाईनं घड्याळ पाहिलं, कप्तानाकडे पाहून नकारार्थी मान हलवली, आणि इंजिन आणखी बराच वेळ बंदच राहिलं.